न निघणारे दात

कवळीकाकांच्या स्वतःच्या तोंडात वरचा एकही दात नव्हता, आता बोला! तीस वर्षं या माणसाने कवळ्या केल्या. अर्धी वस्ती त्यांच्या हातच्या दातांनी चावत होती, आणि हे महाशय अन्न कालवून गिळत होते. शेवटी लेकीने हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं.

डॉक्टरीणबाई कवळ्या काकांकडूनच करून घेत आलेल्या. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला मी काय सांगणार? कवळी महिनाभरात होईल, खर्चही कमी. ब्रिजला शेजारच्या दातांचा आधार लागतो, ते तुमच्याकडे नाहीत. उरलं इम्प्लांट. हाडात स्क्रू, वर दात. खर्च दणदणीत, सहा महिने जातील, पण घट्ट."

काकांनी एकच विचारलं, "माणूस गेल्यावर यातलं कुठलं कुणाला काढता येत नाही?"

"बाबा, काहीतरीच काय!" लेक म्हणाली.

काहीतरीच नव्हतं हो. दोन वर्षांपूर्वी काकू दवाखान्यात होत्या, तेव्हा श्वासासाठी घशात नळी घालण्याआधी नर्सने त्यांची कवळी काढली. काकू भारी मानी. नवऱ्यासमोरसुद्धा बिनदाताचं तोंड कधी उघडलं नाही. कवळी घासायची तीही न्हाणीघराचं दार लावून. आणि शेवटच्या दिवशी घरचे-दारचे सगळे बघायला जमले, तेव्हा त्या तशाच, बोळक्या तोंडाने पडलेल्या. काकांना दात आठवले ते सगळं उरकून घरी आल्यावर. जन्मभर दुसरं केलं काय होतं या माणसाने? आणि नेमकं तेच विसरला!

तेव्हापासून काकू येत होत्या. काका दाढी करायला लागले की आरशात खांद्यामागे उभ्या, तळहात तोंडावर धरून. बोलत नसत. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं. एकदा कामाच्या टेबलाशीही दिसल्या, आणि काकांनी त्या दिवसापासून धंदाच बंद केला.

"स्क्रूचेच बसवा," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "काका, वरचं हाड पार झिजलंय. तुमची साखर बघता हाड भरायचं धाडसही मी करणार नाही. कवळीच करू या."

काकांचा चेहरा उतरला. लेकीचं मनगट धरून ते म्हणाले, "मग तू शब्द दे. मी गेलो की आधी दात बसवायचे. मी तुझ्या आईचे विसरलो, तसं नको."

लेकीला हुंदका फुटला. "तुम्ही नाही विसरलात, बाबा. नर्सने ते माझ्याकडे दिले होते. दिवसभर माझ्या पर्समध्ये होते. मी आईच्या उशाशी बसले होते, आणि तरी..."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सगळा दोष स्वतःवर घेतलात." तिला वर बघवेना. "मला बरं वाटलं, बाबा. मी नव्हे, तुम्ही विसरलात, असं सगळ्यांना वाटत होतं. म्हणून गप्प बसले."

काकांना राग यायला हवा होता. त्यांनी वाटही बघितली, पण तो आला नाही. तिचं मनगट अजून त्यांच्या हातातच होतं.

"माप आज घेऊ का, काका?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"थांबा जरा," काका म्हणाले. "आधी हिला पाणी द्या."