रोस्टरवर नसलेलं नाव

रोस्टरवर माझं नावच नव्हतं.

रोस्टर म्हणजे महिन्याच्या ड्युट्यांचा तक्ता. कोणाला मॉर्निंग, कोणाला नाइट, कोणाचा ऑफ कधी. वॉर्डची इन्चार्ज सिस्टर तो आधी पेन्सिलीने आखते, मग पेनाने पक्का करते आणि सही ठोकते. एक कॉपी मॅट्रनच्या ऑफिसात जाते, एक वॉर्डात लागते. नवा रोस्टर लागला की सगळ्याजणी आधी आपापल्या नाइट मोजतात. मीही तेच करायला गेले. वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. सुजाता सावंत कुठेच नाही.

मला चक्क बरं वाटलं. म्हटलं, चला, राजीनामा मार्गी लागला.

परळच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात मी सात वर्षं काढली. त्यातले शेवटचे पाच-सहा महिने सोडले तर बाकी मजेत गेली. मग एका संध्याकाळी सहा नंबरच्या बेडवरच्या आजी बाथरूमला जायला उठल्या आणि पडल्या. बेडचा रेल, म्हणजे बाजूचा कठडा, खाली होता. असं काही घडलं की इन्सिडंट रिपोर्ट लिहावा लागतो. काय झालं, किती वाजता, कोणी पाहिलं. आजी आधी मला दिसल्या, म्हणून रिपोर्ट मी लिहायचा. आमच्या इन्चार्ज पाटकर सिस्टर मला मेडिसिन रूममध्ये घेऊन गेल्या.

"पडली असं नको लिहूस. खाली बसलेली आढळली, असं लिही."

"सिस्टर, कपाळाला तीन टाके पडलेत त्यांच्या."

"ते डॉक्टर लिहितील. तू रेलचं काही लिहू नकोस."

मी लिहिलं. पेशंट पडला, रेल खाली होता. एवढंच. कोणाचं नाव घातलं नाही, कारण रेल कोणाकडून राहिला हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं. स्टाफ कमी होता म्हणून आजींचं ड्रेसिंग त्या दिवशी खुद्द पाटकर सिस्टरनी केलं होतं, आणि ड्रेसिंगला रेल खाली घ्यावाच लागतो.

त्यानंतर माझ्याकडून कोणी धड ओव्हर घेईना. ओव्हर म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला बेडगणिक माहिती द्यायची: कोणाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कोणावर लक्ष ठेवायचं. ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षापासून पाठ असतं. मग काय, मला तासभर ताटकळत ठेवायचं. "थांब गं, जरा काम आहे," म्हणायचं आणि पॅन्ट्रीत चहा प्यायचा. मी डबा घेऊन आत गेले की बाकीच्यांचे डबे बंद व्हायचे. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडीच्या कागदावर, खाडाखोड झाली म्हणून मला मेमो मिळाला. ते अक्षर माझं नव्हतंच. वॉर्डातली एकटी जिन्सी तेवढी बोलायची, आणि तीही लिफ्टमध्ये, दार बंद झाल्यावर. तिची भीती मला कळत होती. तरी वाईट वाटायचंच.

गिरगावातल्या एका डायलिसिस सेंटरवर मला नोकरी मिळाली. त्यांची अट एकच: आधीच्या हॉस्पिटलचं रिलीव्हिंग लेटर. म्हणजे ही बाई रीतसर सुटली आहे, असा कागद. नोटीस एक महिन्याची. मी राजीनामा लिहिला आणि महिन्याच्या एक तारखेला पाटकर सिस्टरच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बरं."

कॉपी मी ठेवली नाही. सही घेतली नाही. दिवसाला चाळीस ठिकाणी सही करणारी बाई मी! पेशंटला गोळी दिली तरी वेळ टाकून सही करते. पण स्वतःच्या नोकरीचा कागद तसाच देऊन आले.

म्हणून रोस्टर पाहून खूश झालेली मी तशीच तिसऱ्या मजल्यावर एचआरमध्ये गेले. तिथल्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, फाईल काढली, परत कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"तुमचा राजीनामा आमच्याकडे नाहीये, सिस्टर."

"पाटकर सिस्टरकडे दिलाय." मॅडमनी लगेच वॉर्डात फोन लावला.

"विचारलं त्यांना. काही दिलं नाही म्हणतात. आज द्या, आजपासून महिना धरू."

"माझं पुढचं जॉइनिंग सहा दिवसांवर आलंय हो."

"मग तुम्ही अ‍ॅब्स्कॉन्ड धरल्या जाल." म्हणजे पळून गेलेली. फाईलवर तसा शेरा बसतो, आणि पुढच्या हॉस्पिटलनं फोन केला की तोच वाचून दाखवतात.

मी संतापून खाली आले. ड्युटी संपलेली होती. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर उभं राहून वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज लिहिला. चांगला लांबलचक. एकेकीचं नाव घेऊन. शेवटी लिहिलं, उद्यापासून येणार नाही, काय करायचं ते करा. पाठवणार एवढ्यात फोनची बॅटरी संपली. माझ्या आयुष्यात त्या जुन्या फोनने केलेलं हे एकमेव चांगलं काम.

घरी जायच्या आधी लालबागला आत्याकडे गेले. माझी आत्या महापालिकेच्या हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झालेली. ती सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. मेसेज काय लिहिला तेही. तिने सोड्यांवरची नजर काढली नाही.

"काय गो, पळान जातलंस?"

"मग काय करू? मरू दे ते लेटर. दुसरी नोकरी बघेन."

"तुका खूळ लागला काय? अगो, तिका तेच होया. रीतसर सुटलीस तर एचआरवाले बसवून विचारणार, का सोडता? तू रेलचं सांगणार. पळालीस तर तुझं कोण ऐकणार? पळालेली सिस्टर काय पण बोलते, म्हणतील. त्या रिपोर्टाचीही मग रद्दी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इतके दिवस एवढाच विचार करत होते, की कधी एकदा सुटते. कसं सुटते यावर त्या आजींच्या तीन टाक्यांचं खरं-खोटं ठरणार होतं. मला आत्याचा रागच आला, कारण ती बरोबर होती.

"पण राजीनामा दिल्याचा पुरावा कुठाय आत्या?"

"तुझ्या नाइट किती लावल्यान पुढच्या महिन्यात?"

"एकही नाही. नावच नाही माझं रोस्टरवर."

आत्याने ताट बाजूला सारलं. "नाव नाय? आणि सही?"

"सही आहे की."

"मग रडतंस कित्याक? तिनेच लिहून दिलान तुका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅट्रनच्या ऑफिसबाहेर उभी. मॅट्रन मॅडम प्रेमळ वगैरे अजिबात नाहीत. त्यांच्यासमोर नर्सेसना कॅप सरळ आहे का ते आठवतं, हल्ली कोणी कॅप घालत नसलं तरी. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या वॉर्डचा पुढच्या महिन्याचा रोस्टर बघता का?" त्यांनी त्यांची कॉपी काढली. वाचली. पाटकर सिस्टरना वर बोलावलं.

"हिचं नाव का नाही?"

"चुकून राहिलं असेल मॅडम."

"चुकून? मग हिच्या जागी जिन्सीला चार डबल ड्युट्या कशा लावल्यास? दुसऱ्या वॉर्डातून एक मुलगीही मागितलीयस. ही जाणार आहे हे तुला कोणी सांगितलं?"

पाटकर सिस्टर कामाला पक्क्या होत्या, हे मला मान्यच करावं लागेल. राजीनामा दडवला, पण वॉर्डात माणूस कमी पडू नये ही काळजी सुटली नाही. वीस वर्षांची सवय हो. रोस्टर खोटा करायला हात धजावला नाही.

"ड्रॉवर बघ," मॅट्रन म्हणाल्या. "कागद मिळेल."

दहा मिनिटांत कागद मिळाला. म्हणे दुसऱ्या फाईलला चिकटला होता. तारीख एक. नोटीस तेव्हापासून धरली गेली. एचआरच्या मॅडमनी मला समोर बसवून सोडण्याचं कारण विचारलं. मी इन्सिडंट रिपोर्टचं सांगितलं, ड्रेसिंग कोणी केलं तेही सांगितलं, आणि थांबले. डब्यांचं, चहाचं, लिफ्टचं काही बोलले नाही. बोलायचं खूप होतं. पण मग रेल मागे पडला असता.

शेवटच्या दिवशी जिन्सीचा ऑफ होता, मागितलेली मुलगी अजून आली नव्हती. माझ्याकडून ओव्हर घ्यायला पाटकर सिस्टर स्वतः उभ्या राहिल्या. आम्ही बेड नंबर एकपासून निघालो. खोटं कशाला सांगू, एखादी गोष्ट गाळावी, मग धावपळ होऊ दे हिची, असं मनात येऊन गेलं. लाज वाटली लगेच. पेशंटनी माझं काय वाकडं केलं होतं? एकूण एक सांगितलं.

सहा नंबरवर आता दुसऱ्या एक बाई होत्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या.

"या बेल न वाजवता उठतात," मी म्हटलं. "रेल."

पाटकर सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून रेल वर केला, खटका बसला की नाही हे हलवून बघितलं, आणि ओव्हर बुकात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: रेल वर ठेवणे. खाली सही केली. मग बुक माझ्याकडे सरकवलं. मीही सही केली, वेळ टाकली आणि वॉर्ड सोडला.

त्या अजून तिथेच इन्चार्ज आहेत. त्या रिपोर्टचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पण दर ड्युटीला रेल बघून सही करायचा एक तक्ता आता सगळ्याच वॉर्डांत लावलाय, असं जिन्सी परवा सांगत होती. फोनवर, मोठ्याने.

डायलिसिस सेंटरवरच्या नव्या मुली मला राजीनामा कसा द्यायचा विचारतात. मी सांगते, एचआरच्या टेबलावर दोन कॉपी न्या, एकीवर शिक्का मारून घ्या आणि शिक्क्यावरची तारीख तिथेच उभ्या उभ्या वाचा. इन्चार्ज कितीही चांगली असली तरी. आणि जाताना ओव्हर पूर्ण द्या. इन्चार्ज कितीही वाईट असली तरी.