ड्यूटीवर पाणी न पिणाऱ्या बाया

"सिस्टर, तुम्हाला पायलोनेफ्रायटिस झालाय," डॉक्टर म्हणाले. म्हणजे लघवीच्या मार्गातला संसर्ग वर किडनीपर्यंत पोचला. मी स्वतः डोंबिवलीत नर्स आहे, मला अर्थ माहीत होता. तुमच्यासाठी सांगते.

"ड्यूटीवर पाणी किती पिता?"

काय सांगणार, कप्पाळ! बाटली सकाळी भरायची आणि संध्याकाळी तशीच घरी न्यायची. प्यायलं की जावं लागतं. स्टाफचं टॉयलेट खालच्या मजल्यावर, आणि वॉर्ड बघायला दुसरी सिस्टर नसते. नवीन मुलगी आली की आम्हीच तिला शिकवतो, "घोट घोटच पी गं बाई."

आधी जळजळ झाली, मग कमरेत कळ. उभं राहून कंबर दुखणारच, म्हणून गोळी घेतली आणि कामावर गेले. अंगात ताप, डोकं ठिकाणावर नाही. एका आजींची शुगर तपासली आणि शेजारच्या पेशंटच्या नावावर लिहिली. वेळीच लक्षात आलं म्हणून, नाहीतर इन्सुलिन भलत्यालाच गेलं असतं. त्याच संध्याकाळी हुडहुडी भरली. नवऱ्याने ठाण्याच्या हॉस्पिटलात नेऊन ॲडमिट केलं.

क्रिएटिनिन वाढलेलं. किडनी किती काम करते ते सांगणारी ही रक्ताची तपासणी. "उतरलं नाही तर कायमची इजा," डॉक्टर म्हणाले. रोज रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची. मी जाम घाबरलेले. किडनी गेली तर नोकरीही गेली.

एका दुपारी सलाइन संपत आलं. बेल दाबली, कोणी येईना. अशी चिडले की काय सांगू! नातेवाईक आमच्यावर चिडतात तशीच. मग सिस्टर स्नेहल धापा टाकत आली. "सॉरी ताई, आज एकटीच आहे." तिचे ओठ सुकलेले.

"सकाळपासून बाथरूमला गेलीस का?"

ती ओशाळून हसली. "आता घरी गेल्यावरच."

पुढे क्रिएटिनिन उतरलं. "वाचलात," डॉक्टर म्हणाले. त्यांचे उपकार आहेतच. पण मला या नर्स पोरींची काळजी लागली. बायांनो, पाणी प्या, आणि तुमच्या मागे वॉर्ड बघायला माणूस मागा. भांडून मागा.

घरी सोडेपर्यंत मी रोज दुपारी मुद्दाम बेल वाजवली. स्नेहल धावत यायची.

"काय झालं ताई?"

"काही नाही. बाथरूम तिकडे आहे, जा."

"अहो, पेशंटचं बाथरूम आम्ही वापरलेलं चालत नाही."

"कोणी विचारलं तर सांग, पेशंटला बाथरूमला नेलेलं."