शेवटचं प्रकरण न वाचणाऱ्या सेलिनताई

सेलिनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत, मालाडच्या गावठाणातल्या मुलांच्या छोट्या वाचनालयात, एकटी बसले होते. ताई दवाखान्यात असल्यापासून संध्याकाळी दोन तास दार उघडायचं काम माझ्याकडे होतं. त्यांचा पुतण्या म्हणाला, "आत्या गेली गं. दार लावून घे आता." दीड महिना झाला... दार बंदच आहे.

मी तालुक्याच्या गावात शिकले. शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे असते हे दहा वर्षांत कळलं नाही. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. नोकरीसाठी मालाडला आले आणि एकदा ताईंकडे स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मागायला गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते नाही ठेवत मी. लहानपणी काय वाचलंस?"

"पाठ्यपुस्तकं."

"अरे देवा. बस इथे."

चोवीस वर्षांच्या मला त्यांनी बारा वर्षांच्या मुलांसाठीची कादंबरी दिली. धरणात बुडालेल्या शाळेची घंटा शोधायला निघालेल्या दोन बहिणींची. एका रविवारी संपवली. आमच्या शाळेच्या कपाटात काय असू शकलं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. पुढची सहा वर्षं माझं राहिलेलं बालपण मी त्यांच्याकडून पुस्तकापुस्तकानं आणलं.

नवी आलेली प्रत्येक कुमार-कादंबरी ताई आधी स्वतः वाचत, पण शेवटचं प्रकरण सोडून. तिथे वर्तमानपत्राची पट्टी घालत. "शेवट ठाऊक असला की माझ्या तोंडावर दिसतो ना. पोरी लगेच ओळखतात." पुस्तक नेणारीनं परत येऊन शेवट सांगायचा, एवढाच नियम. एक मुलगी तर दारातूनच ओरडली होती, "काय यार आंटी! कुत्रा मेला शेवटी. मी रिक्षात रडले ना सगळ्यांसमोर!"

"मेला? मला वाटलं सापडेल गं..." ताईंचेही डोळे भरले.

न वाचता शेवट रचून सांगणाऱ्याही असत. त्यांना ताई एकच विचारत, "हे वाचताना कुठे बसली होतीस?" वाचलेली पटकन सांगे, गच्चीवर टाकीमागे, नाहीतर मोरीत दार लावून. न वाचलेली अडखळे.

मग मुली यायच्या कमी झाल्या. क्लास, फोन, घरं बदलणं... ताई मात्र नवी पुस्तकं आणत राहिल्या, वाचत राहिल्या. कपाटातल्या पट्ट्या वाढत गेल्या.

शेवटचं पुस्तक त्यांनी दवाखान्यात वाचलं. आईच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी घर सोडणाऱ्या मुलीची गोष्ट. पट्टी घालून माझ्या हातात दिलं. "तेरा-चौदाची, घरात न बोलणारी कुणी आली, तर तिलाच दे." रोज विचारायच्या, "नेलं का गं?" चौथ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "नेलं. समोरच्या टॉवरमधल्या मुलीनं." त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज संपवली. मग प्रश्न बदलला. "आली का ती? काय झालं शेवटी?"

अखेर मी ते प्रकरण वाचलं आणि टॉवरमधल्या मुलीनंच सांगितल्यासारखं त्यांना सांगितलं. गोष्टीतली मुलगी परत येते, पण आईकडे नाही, आजोळी. ताईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"कुठे बसून वाचलं म्हणाली?"

"घरी."

"घरी कुठे?"

"म्हणजे... हॉलमध्ये असेल," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या. "कुणी नाही नेलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फोन आला.

ते प्रकरण मी दवाखान्याच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसून वाचलं होतं. लादी पुसणाऱ्या मावशी "उठ गं बाई, किती रडशील?" म्हणेपर्यंत. तेवढं सांगितलं असतं, तर निदान एकीनं वाचलंय हे त्यांना कळलं असतं. पण मी खोटं सांभाळत बसले.

खोली आता कुरियरवाल्याला भाड्यानं जाणार आहे. पुस्तकं कुणीच मागितली नाहीत. ते एक मी घरी आणलं आणि पट्टी पुन्हा शेवटच्या प्रकरणाआधी घातली. माझ्या ओळखीत तेरा-चौदाची कुणी नाही.