पितांबरभाऊंचा बिनभेसळीचा समुद्र

आमच्या शेजारच्या पितांबरभाऊंना कुणी पान दाखवलं की ते बाटली दाखवतात. एरंडोलला त्यांचं खता-औषधांचं दुकान आहे. शेतकरी रुमालात गुंडाळून आणलेलं पान काउंटरवर ठेवतो. केळीचं असो, कपाशीचं असो, लिंबाचं असो. भाऊ ते उजेडाकडे धरतात, डोळे बारीक करतात, एक हुंकार देतात आणि मागच्या फळीवरून तीन बाटल्या उतरवतात. एक रोगावर, एक ताकदीची आणि तिसरी पहिल्या दोघींचं आपसात जमावं म्हणून. पाणी किती देतोस, मूळ उकरून पाहिलंस का, असल्या चौकशा करून गिऱ्हाइकाचा वेळ घ्यायची त्यांना सवय नाही. लोक त्यांना पिकांचा डॉक्टर म्हणतात. हे ऐकलं की भाऊंच्या मिशा जागच्या जागी सुखावतात.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. भेसळ त्यांनी कधी केली नाही. बाटली कंपनीतून जशी येते तशीच जाते. "माझ्या दुकानात पाणी फक्त माठात," असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. पुढचं सगळं रामायण या सचोटीमुळेच घडलं.

त्यांची मुलगी दिपमाला प्राणिशास्त्र शिकलेली. शिकत असताना तिनं आपल्या खोलीत समुद्र आणला. म्हणजे काचेची मोठी टाकी, खारं पाणी, खडक, त्यावर जिवंत कोरल आणि दोन नारिंगी मासे. आमच्या जळगाव जिल्ह्यात नळाला पाणी यायची मारामार, तिथे घरात समुद्र! बघायला गल्ली लोटली. भाऊंच्या आई, भिकुबाई अक्का, माहेरच्या पारोळ्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. त्यांनी काचेला नाक लावून विचारलं, "हाई पोवळं शे? मंग अंगठीमा घालानं सोडीसन पानीमा कसाले ठेयेल शे?"

"अक्का, ते जिवंत आहे. खातंपितं, वाढतं," दिपमालानं सांगितलं.

अक्कांनी त्यातलं 'खातंपितं' एवढंच ध्यानात ठेवलं. पद्मालयाच्या गणपतीच्या तळ्यात कणकेच्या गोळ्या टाकून त्यांनी जन्मभर पुण्य जोडलेलं. आता पुण्य घरपोच मिळायला लागलं. दिपमाला घरात असेतो तिची नजर चुकवावी लागे, एवढीच काय ती अडचण.

टाकीतलं एक कोरल दिपमालाचं फार लाडकं होतं. एका बुंध्याला चार-पाच तोंडं, प्रत्येक तोंडातून हिरवट बोटांचा झुबका निघालेला आणि प्रत्येक बोटाचं टोक हातोडीसारखं. पाण्यात सारखं डुलायचं. बोटभर होतं तेव्हापासून तिनं ते वाढवलेलं.

माघात तिचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. टाकी काही वरातीतून नेता येत नाही. जाताना ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, पाणी आटलं की या खुणेपर्यंत फिल्टरचं साधं पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका. फक्त पाहत राहा."

भाऊंनी मान हलवली. पण फक्त पाहत राहणं हे काम त्यांनी आयुष्यात केलेलंच नव्हतं.

फाल्गुन सरला आणि आमचा उन्हाळा पेटला. दुपारी विजेचा दाब पडला की खोलीतला एसी बंद पडायचा. मग भाऊंनी पोरीच्या मायेनं मोठा कूलर टाकीसमोर आणून लावला. वारा भणाणा, पाणी भराभर आटायला लागलं. ते भरायला भाऊ बादली घेऊन गेले आणि फिल्टरच्या नळाशी थबकले. समुद्रातून आटलं, आणि भरायचं साधं पाणी? हे तर दुधात पाणी घालण्यासारखंच झालं! पोर लहान आहे, बोलून गेली असेल. दिपमालानं समुद्राचं मीठ आणून ठेवलं होतं. भाऊंनी ते पुडीवर लिहिलेल्या मापात बादलीत कालवलं आणि अस्सल खारं पाणी खुणेपर्यंत भरलं. रोज. एक थेंब भेसळ नाही.

थोड्याच दिवसांत त्या हातोडी-कोरलची बोटं आखडायला लागली. झुबका मुठीएवढा होता, तो बोरासारखा आवळला. खडकांवर तपकिरी शेवाळ चढलं. भाऊंनी कोरलचा फोटो काढून पुण्याच्या एका मत्स्यालयाच्या दुकानदाराला पाठवला आणि मग फोन लावला. मी भाऊंच्या बायकोकडे, रूपाकडे, दही मागायला गेले होते, तेव्हा हे संभाषण चालू होतं. फोन स्पीकरवर. पलीकडचा गृहस्थ हुंकारला आणि म्हणाला, "असं करा, तीन बाटल्या पाठवतो. एक रोगावर, एक ताकदीची आणि एक..."

रूपा कणीक मळता मळता थांबली. "अहो, हा तर तुमचा हरवलेला भाऊ दिसतोय!"

"गप गं. तज्ज्ञ माणूस आहे."

"पाणी कसं आहे ते विचारलं का त्यानं?"

"अनुभवी माणसाला विचारावं लागत नाही," भाऊ म्हणाले, आणि बाटल्या मागवल्या.

बाटल्या आल्या, टाकीत गेल्या. कोरल आणखी आवळलं. आणखी बाटल्या आल्या. इकडे अक्का कणकेच्या गोळ्या सोडतच होत्या, "आजारीले जास्ती खावाडनं पडस," म्हणून. पाण्याला साबुदाण्याच्या पेजेची कळा आली. मासे एका कोपऱ्यात तोंड खुपसून बसले.

दिपमाला रोज फोटो मागायची. तिला काय दाखवायचं? भाऊंनी मोबाईलमधले जुने फोटो शोधले आणि एकेक पाठवायला सुरुवात केली. कोरल डुलतंय, मासे हसतायत, पाणी आरसपानी. पोरगी खूश, बाप निवांत. आम्हाला याचा पत्ता नव्हता.

एका रविवारी सगळे घरात होते. मीही पापडाचं पीठ बरोबरीनं कुटायला गेले होते. फोन आला.

"पप्पा, कालचा फोटो छान आलाय. काचेत आकाशकंदील पण दिसतोय."

भाऊ म्हणाले, "तो होय? काढायचा राहिला."

"चैत्रात?"

"आळस गं बाई. वय झालं."

"माझ्या लग्नात तर दारावर नव्हता."

आता भाऊ खोकले. त्यांचा हा खोकला आम्ही ओळखतो. उधारी मागायला कुणी आलं की येतो. रूपानं पिठाच्या हातानंच फोन ओढून घेतला, खोलीत गेली आणि कॅमेरा सरळ टाकीसमोर धरला. आम्ही मागे.

मग दिपमाला हळू म्हणाली, "पप्पा, खारटपणा मोजा. यंत्र दिलं होतं ना?"

यंत्र कपाटात, डब्यातून कधी निघालंच नव्हतं. मोजलं. काटा समुद्राच्याही पुष्कळ पुढे गेलेला.

"पाणी कुठलं घालताय?"

"खारं. तुझंच मीठ, मापात. मी काय लबाडी करतो काय?"

"मी साधं घाला म्हणाले होते."

भाऊ उसळले. "साधं घालून समुद्र पातळ करू? आजवर या हातानं कशात पाणी घातलं नाही!"

"पप्पा, मीठ उडत नाही. उडतं ते पाणी. मीठ टाकीतच राहतं, त्यात तुम्ही रोज आणखी घातलंत."

पलंगावरून अक्का म्हणाल्या, "आमटी आटनी का खारी व्हस. तवय तू मीठ टाकस का रे, डाक्टर?"

"तू बोलू नको. तुझ्या गोळ्या आहेतच त्यात!"

"मन्ह्या गोळ्या देवना नावन्या शेत!"

मायलेकाचं जुंपलं. तेवढ्यात दिपमाला म्हणाली, "पप्पा, आखाजीला मी येतेय. तोवर हे मेलं तर मला आधी सांगा. मी त्या खोलीत जाणार नाही." आणि फोन ठेवला.

पितांबरभाऊ टाकीसमोरच्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना डोळे बारीक न करता एखाद्या गोष्टीकडे बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "वहिनी, पहिली आखाजी आहे तिची." लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकीनं माहेरीच करायची असते.

दुसऱ्या दिवसापासून औषधोपचार सुरू झाले, म्हणजे औषधं बंद झाली. दिपमालानं धुळ्याहून हुकूम सोडले आणि देखरेखीला मला नेमलं: "काकू, पप्पांच्या हाताकडे लक्ष ठेवा." पाण्यातली औषधं शोषायला कोळशाची पिशवी आत सोडली. बाटल्या माळ्यावर. कूलर अक्कांच्या खोलीत. एसीला दाब सांभाळणारं यंत्र बसलं. अक्कांना अंगणात मुंग्यांसाठी साखर टाकायची परवानगी मिळाली, त्यामुळे पुण्याचं खातं चालू राहिलं. शेवाळ जुन्या टूथब्रशानं घासलं. आणि रोज थोडंसं टाकीतलं पाणी काढून तेवढंच साधं पाणी आत सोडायचं.

"एवढंसंच?" भाऊ विचारायचे. "आज बादलीभर घालून टाकू, उद्या मोकळं होईल."

"उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवतात का?" मी म्हणायचे.

रोज भाऊ दुकानातून लवकर येत, स्टुलावर बसत आणि हात मांडीखाली दाबून धरत. खरंच, मांडीखाली. आठवडा गेला. यंत्राचा काटा जागेवर आला, पाणी निवळलं, मासे कोपऱ्यातून निघाले. हातोडी मात्र होती तशीच आवळलेली. एका तोंडाचं मांस सुटून आतलं पांढरं हाड दिसायला लागलं. आखाजी चारच दिवसांवर.

त्या दुपारी भाऊ अवेळी घरी आलेले मला खिडकीतून दिसले. पिशवी पोटाशी धरलेली. मी चप्पल न घालताच गेले. ते टाकीपाशी उभे, एका हातात दुकानातली बाटली, दुसऱ्या हातात तिचं झाकण काठोकाठ भरायच्या बेतात. झाकणाखालचं सील अजून फोडायचं होतं.

"काय आहे ते?"

भाऊ दचकले, मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, समुद्री शेवाळाचा अर्क आहे. केळीला देतो आम्ही. हे तर त्यांच्या गावचंच आहे हो! माहेरचं खाणं!"

"दिपमालाला विचारलं?"

"तिला येऊन एकदम फुललेलं दिसू दे."

"केळीला यानं काय होतं, भाऊ?"

"जोम येतो."

"तुम्ही पाहिलाय? बाटली देण्याआधीचं झाड आणि नंतरचं?"

"मी कशाला शेतात जाऊ? शेतकरी परत येतो ना दुकानात."

"काय म्हणतो परत येऊन?"

भाऊंनी बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं केलं. मग म्हणाले, "म्हणतो... दुसरं काहीतरी झालंय."

मी हात पुढे केला. "आणा इकडे. माझ्या मोगऱ्याला घालते."

बाटली वाया जात नाही म्हटल्यावर ती त्यांच्या हातून सुटली. "झाकणभरच घाला हं, आठ दिवसांनी," त्यांनी मागून सांगितलं.

आखाजीला दिपमाला आली. दारात घागर पुजलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास गल्लीभर. पोरगी आईला भेटली, अक्कांच्या पाया पडली आणि खोलीच्या दाराशी थांबली. "पप्पा, जाऊ ना आत?"

"जा," भाऊ म्हणाले. स्वतः मात्र बाहेरच उभे राहिले.

ती बराच वेळ बाहेर येईना, तेव्हा आम्हीच आत गेलो. ती काचेला कपाळ लावून बसली होती. एक तोंड गेलं होतं. पांढरं हाड तसंच दिसत होतं. पण बाकीच्यांतून हिरवी बोटं बाहेर आली होती. पूर्वीच्या निम्मी असतील, पण डुलत होती.

"हे कधी उघडलं?"

"परवा," भाऊ म्हणाले. "मी सांगितलं नाही. फोटो पाठवला असता तर तू कंदील शोधत बसली असतीस."

दिपमाला हसली आणि रडलीही. रूपानं पदर डोळ्यांना लावला. अक्का म्हणाल्या, "आते तरी त्यासले कायतरी खावाले द्या," आणि सगळ्यांनी एका सुरात "नको!" म्हटलं.

जेवणाला रूपाचा भाऊ जीवराम होता. लिंबाची बाग आहे त्याची. आमरसाची दुसरी वाटी झाल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून पिवळं पडलेलं पान. "दाजी, जरा बघा बरं."

भाऊंनी सवयीनं पान उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. हुंकार आला नाही. दिपमाला बघत होती. भाऊ म्हणाले, "पाणी किती देतोस रे?"

जीवरामचा घास हातात राहिला. "भरपूर देतो."

"बुडाशी साचतं का?"

"साचणारच की. उन्हाळा आहे."

"मग आठ दिवस पाणी तोड. मूळ उकरून बघ. बाकी काही करू नको."

"काही करू नको?" जीवराम रूपाकडे वळला. "ताई, दाजींची तब्येत बरी आहे ना?" मग भाऊंना म्हणाला, "बाटली द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा दाजी. समोर दुसरं दुकान आहे. तो तीन देतो."

आणि त्यानं खरोखरच समोरून तीन घेतल्या. रूपानंच मला सांगितलं. भाऊ त्यावर म्हणाले, "घेऊ दे. आठ दिवसांनी येईल." दुकानाची फळी मात्र आहे तशीच भरलेली आहे. पानं आणणाऱ्याला आधी पाण्याचं विचारतात, मग त्याचा चेहरा पडला की एक बाटली उतरवतात. तिनाची एक झाली, हीच काय ती सुधारणा.

दिपमाला धुळ्याला परत जाताना त्या कोरलचं एक तोंड काढून, बरणीत घालून घेऊन गेली. तिथे तिनं छोटी टाकी मांडली आहे. भाऊ तिला रोज फोन करतात आणि बजावतात, "हात लावू नकोस, बेटा. फक्त पाहत राहा."

माझा मोगरा यंदा वेड्यासारखा फुलला. संध्याकाळी भाऊ कंपाउंडच्या भिंतीवरून वाकतात, ओंजळभर फुलं बघतात आणि त्यांच्या मिशा सुखावतात. "बघितलंत वहिनी? मी सांगत होतो, माल अस्सल आहे! संपली असेल ना बाटली? दुसरी आणू?"

बाटली माझ्या फडताळात आहे, सीलबंद. मी म्हणते, "राहू द्या भाऊ, पुरते अजून."