शंभरातले पाच

आमचे मामा बल्बच्या कारखान्यात तपासनीस. बल्ब कानाशी हलवायचा, पेटवून पाहायचा, नापास असेल तर बाजूला काढायचा, हे त्यांनी एकवीस वर्षं केलं. त्यामुळे साथीत लस आली आणि ती पंच्याण्णव टक्के परिणामकारक आहे असं बातम्यांत सांगितलं, तेव्हा घरातले सगळे खूश झाले आणि मामांचा चेहरा उतरला.

"म्हणजे शंभरातले पाच नापास," ते म्हणाले. "आणि नापास माल वरून ओळखू येत नाही."

साथीत ते मामीपासून वेगळे मागच्या खोलीत राहायला गेले होते; दोन्ही डोस झाले तरी तिथून हलेनात. कारण मामी. तिची किडनी बदललेली. शरीराने ती झिडकारू नये म्हणून रोजची औषधं, आणि त्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली. मामा दीडशे माणसांत काम करून घरी यायचे. आपण त्या पाचांतले निघालो तर? चार महिने नवराबायको एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी फोनवर बोलत होती. मामा बोलता बोलता इतक्या येरझाऱ्या घालायचे की मामीला फोनपेक्षा त्यांच्या चपलाच जास्त ऐकू यायच्या. मला तर त्यांचा रागच यायचा. काळजीलाही काही सुमार असावा!

शेवटी मीच त्यांना मामीच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. तिथेही त्यांनी आपला बल्बचा हिशोब मांडला.

"काका, लस घेतलेल्या शंभरातले पाच आजारी पडतात, असा त्याचा अर्थ नाही," बाई म्हणाल्या. "लस न घेतलेल्या गटात शंभर आजारी पडले, तर लस घेतलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात साधारण पाच पडले. तुम्ही पेटीतले सगळे बल्ब मोजताय. फुटलेलेच मोजा."

मामांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर हे महाशय विचारतात, "आणि हिचं काय?"

"त्यांना लस कमी लागू पडेल. किती कमी, ते मी सांगू शकत नाही. दोघंही मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. धोका कमी होईल, शून्य नाही होणार."

झालं! बसमध्ये मामा सारखे पाय हलवत होते. घरी येऊन थेट मागच्या खोलीकडे वळले, तर मामी दारातच उभी.

"काय म्हणाल्या बाई?"

"शून्य होत नाही म्हणाल्या."

"अहो, तुमची किडनी काढून मला बसवली, तेव्हा शून्य होता का धोका? मी नको नको म्हणत होते. ऐकलंत माझं?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसलं? तेव्हा जीव तुमचा होता, तुम्ही ठरवलंत. आता माझा आहे. मी ठरवणार."

मास्क लावून मामा तिच्या खोलीत गेले, खिडकी सताड उघडली आणि खुर्ची पार दाराशी ओढून बसले. मामीने मास्क लावला, आपली खुर्ची सरकवत सरकवत आणली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ठेवली. मामांचा पाय अजून हलतच होता. आता उठतात की काय, असं मला वाटलं, पण मामीने त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता.