धसईपलीकडच्या तीन हाका

आटगावला उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. माझ्याबरोबर उतरलेली चार माणसं दोन मिनिटांत आपापल्या वाटेला लागली आणि फलाटावर मी एकटा उरलो. खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली, टॉवेल आणि माझ्या व्याख्यानांची जुनी वही होती. वही का घेतली होती, ते मलाही सांगता आलं नसतं.

मी कल्याणकडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आधुनिक दहशतवादाचा इतिहास आणि त्यामागच्या विचारसरणी हा विषय बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातल्या एका तासाची मी नेहमी वाट बघायचो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली माणसं, एका स्फोटाने झोपलेली जनता जागी होईल असं मानणारी. त्यांच्यातला एकजण सरदाराच्या बग्गीवर बाँब टाकायला उभा राहिला, आत मुलं दिसली, आणि त्याने हात मागे घेतला. त्याच काळात अशीही माणसं होती की ज्यांनी म्हटलं, निरपराध कुणीच नसतं. पुढच्या काळात झेंडे बदलले, धर्म, वंश, वर्ग, राष्ट्र अशी नावं बदलली, पण ते वाक्य राहिलं. हे मी मुलांना सांगायचो आणि दाराशी फळा पुसायचं फडकं घेऊन जैतू ऐकत उभा असायचा.

जैतू आमच्या कॉलेजातला शिपाई. मूळचा धसईपलीकडच्या एका पाड्यातला (गावाबाहेरची वस्ती). त्याचा बाप उन्हाळ्यात विहिरींना सुरुंग लावायचा आणि जैतू रजा काढून त्याच्या हाताखाली जायचा. एकदा तास संपल्यावर त्याने विचारलं होतं, "सर, ज्यानं हात मागं घेतला, त्याचं काय झालं पुढं?" मी घाईत होतो. म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो.

पुढची वेळ आली नाही. नऊ वर्षांपूर्वी शहरातल्या एका बाजारात स्फोट झाला. चौकशीचे अधिकारी एका माजी विद्यार्थ्याबद्दल विचारायला कॉलेजात आले. जाता जाता म्हणाले, आणखी कुणाबद्दल काही? मला या विषयातला जाणकार म्हणून विचारतायत, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. मी कागद घेतला आणि अर्ध्या पानात जैतूबद्दल लिहून दिलं: घरी स्फोटकांचं काम चालतं, दहशतवादावरची व्याख्यानं लक्ष देऊन ऐकतो, वर्तन संशयास्पद आहे. पहिली दोन वाक्यं खरी होती.

जैतू अकरा महिने आत होता. मग आरोप न ठेवता सोडला. मधल्या काळात त्याचा बाप गेला, नोकरी गेली. मी शिकवत राहिलो.

कॉलेजच्या जुन्या कागदांत त्याचा पत्ता भातसानगरचा होता, धरणावर कामाला असलेल्या मामाकडचा. आटगावहून शहापूर, तिथून रिक्षा. वसाहतीच्या रस्त्यावर गुलमोहर फुलला होता आणि झाडांमधून धरणाचं पाणी निळं दिसत होतं. मामी दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

"जैतू? तो हितं नाय ऱ्हायत आता. गावाला गेला. तुमी कोण त्याचे?"

"कॉलेजातले. सर."

तिने मला खालून वर पाहिलं. "नऊ वर्सांनी याद आली काय सरांना?" एवढं बोलून आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पत्ता सांगितला, पण माझ्याकडे न बघता.

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडची एसटी मिळाली. खिडकीतून दोन्ही बाजूंना राब दिसत होते (भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून भाजलेली जमीन). काळे चौकोन, त्यावर अजून धूर. बसमध्ये सगळे एकमेकांना ओळखत होते. माझ्या शेजारची जागा किन्हवलीपर्यंत रिकामीच राहिली.

मुरबाडला गाडी बदलून धसईला पोचलो तो भर दुपारची वेळ. बाजारात ढोबळी मिरची आणि भेंडीची पोती टेम्पोत चढत होती. तिथेच माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. सुकट (वाळवलेली बारीक मासळी) विकणारी एक बाई बघत होती.

"हितं आणा ती," म्हणाली आणि पोत्याची सुतळी ओवून गाठ मारली. "लांब जायचंय?"

"पाड्यावर. जैतूकडे."

"मंग घरी नाय भेटायचा. पाटलाच्या विहिरीवर काम चालू हाय. आज सुरुंगाचा बार हाय त्यांचा. कान झाकून जावा!" ती हसली.

सुतळीच्या चपलेने मैलभर चाललो. करवंदाच्या जाळ्या, खडकाळ माळ, आणि पुढे कॉम्प्रेसर लावलेला ट्रॅक्टर. विहीर तीन पुरुष खोल गेली होती आणि खाली काळा पाषाण लागला होता. पाचसहा माणसं जांभळाच्या सावलीत जेवायला बसली होती. जैतू मला दिसताच उभा राहिला. केस पिकलेले, अंगाने अर्धा.

"या, सर. बसा. भाकरी खावा."

तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हातात आली. बाजूचा एकजण म्हणाला, "जैत्या, तुझा मास्तर ना रं ह्यो? मंग दे की त्याला खाली उतरवून, खडकाला लेक्चर देईल, फुटंल आपोआप." सगळे हसले. जैतूही हसला.

सगळे उठून गेल्यावर मी बोललो. "जैतू, तेव्हा तुझ्याबद्दल मी लिहून दिलं होतं."

"म्हायती हाय."

"कुणी सांगितलं?"

"कागद दावला मला. तुमचं अक्षर सहा वर्सं पुसलंय फळ्यावरून. वळखनार नाय काय?"

मी माफी मागितली. नेमकं काय म्हणालो ते आठवत नाही. तो ऐकत राहिला, हातावरचं पीठ झटकत. मग म्हणाला, "मला येकच कळलं नाय. तुमी मला आधी इचारलं का नाय? मी तर दारातच हुतो."

तो उठला. "आता बार उडवायचा टाइम हाय."

बापाचं काम आता त्याच्याकडे नव्हतं. परवानेवाला ठेकेदार त्याला सुरुंगाच्या दारूला हात लावू देत नव्हता. "नाव खराब झालं ना. हाक मारायला परवाना लागत नाय, म्हनून ती माज्याकडं." इथली रीत अशी की बार उडवण्याआधी तीन हाका द्यायच्या. चार वाटांवर चार माणसं उभी असतात. प्रत्येक हाकेला प्रत्येकाने वाट बघून उत्तर द्यायचं. चारही उत्तरं आल्याशिवाय पुढची हाक नाही आणि तिसरीशिवाय बत्ती नाही. "आमी कोल्ह्यालाबी हाक देतो," जैतू म्हणाला.

त्या दिवशी एक माणूस कमी होता. जैतूने मला ओढ्याकडच्या वाटेवर उभं केलं. "वळणापुढं जाऊन बघायचं. मंग म्हनायचं, मोकळं."

पहिली हाक आली. "बार हाय रेऽऽ!" मी वळणापर्यंत गेलो, पाहिलं, ओरडलो, "मोकळं!" कित्येक दिवसांनी मी इतक्या मोठ्याने बोललो होतो. दुसऱ्या हाकेलाही गेलो. तिसरी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं, चपलेची सुतळी पायाला काचत होती, आणि आत्ताच तर पाहिलं होतं. जागेवरूनच ओरडलो, "मोकळं!"

"थांबा! बत्ती नको!" जैतू विहिरीच्या काठावरच्या ढिगावर उभा होता. त्याला माझ्या मागची वाट दिसत होती. मी वळलो. डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी वळणावरून सावकाश येत होती. बहिरी असावी. माझ्यापासून वीस पावलांवर.

जैतू धावत आला. म्हातारीला हाताने धरून लांब नेऊन बसवलं. मग माझ्यासमोर उभा राहिला. ओरडला नाही.

"न बघता बोल्लात, सर."

एवढंच. माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला, पुन्हा पहिल्यापासून तीन हाका दिल्या, आणि खडक फुटला. जमीन पायाखाली हलली.

निघताना तो धसईच्या रस्त्यापर्यंत आला. मी वही काढली आणि विचारलं, तुझ्यासाठी काही करू शकतो का. तो म्हणाला, "माफी नको. जसं तवा लिवून दिलं, तसं आता लिवून द्या. त्याच अक्षरात. ठेकेदाराला दावीन. दारूला हात लावू दिलं तर दिलं." मग थोडं थांबून, "तुमच्या नोकरीला तरास हुईल, तर ऱ्हावू द्या."

एसटी आली. मी हात हलवला. तो परत फिरला होता.

घरी आल्यावर दोन दिवस कागद समोर होता. विषय मला पाठ आहे. माणूस एखाद्या गटाकडे बघणं सोडून त्याच्याबद्दल फक्त बोलू लागतो तिथून सगळं सुरू होतं, असं मी वर्गात सांगत आलोय. मी कुणावर बाँब टाकला नाही, ही गोष्ट मी स्वतःला नऊ वर्षं सांगितली. तिसऱ्या दिवशी लिहिलं: जैतूच्या वर्तनात संशयास्पद असं मी काहीही पाहिलं नव्हतं. मी न बघता लिहिलं होतं. खाली नाव, हुद्दा, सही. एक प्रत जैतूला पाठवली, एक कॉलेजच्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

खाली आणखी काही ओळी होत्या, फक्त जैतूच्या प्रतीवर. ज्याने हात मागे घेतला, त्याने दोन दिवसांनी दुसरा बाँब टाकला. तेव्हा बग्गीत मुलं नव्हती. सरदार मेला आणि यालाही फाशी झाली. पण पहिल्या वेळी हात उचलल्यावरही त्याने आधी नीट पाहिलं होतं.

प्राचार्यांनी मला सोमवारी बोलावलंय. धसईहून अजून काही आलेलं नाही. सकाळी वर्गात जाऊन मी फळा स्वतःच पुसतो, आणि पुसण्याआधी दाराकडे बघतो.