गुलाबताईची उलटी सीट

आमच्या कंपनीत लाइनवर मोबाइल नेऊ देत नाहीत. फोन लॉकरमध्ये ठेवायचा, बांगड्या काढायच्या, डोक्याला जाळीची टोपी घालायची आणि आत जायचं. त्यामुळे जगात काय होऊन गेलं ते आम्हाला शिफ्ट सुटल्यावरच कळतं. त्या दिवशी लॉकर उघडला तर रेश्माचे मिस्ड कॉल ओळीने पडलेले. रेश्मा म्हणजे गुलाबताईची मुलगी. तिने मला फोन करावा असं आमच्यात काही उरलं नव्हतं, त्यामुळे नंबर बघून मी तिथेच उभ्या उभ्या परत फोन लावला. "काकी, आई गेली," ती म्हणाली. "सकाळी छातीत दुखाया लागलं... गाडी येईपर्यंत पण नाय थांबली. तुमची वाट बघितली आमी, पण मंग लोक बोलले, किती थांबायचं." म्हणजे मी रोह्याला पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यांवर नजर ठेवून उभी होते, तेव्हा तिकडे पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात गुलाबताईला अग्नी देऊन झाला होता.

बसमध्ये बसल्यावर मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. मी फोनमध्ये तिचा फोटो शोधायला लागले. हल्ली कोणी गेलं की स्टेटसला फोटो ठेवतात, तसा ठेवावा म्हणून. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलं, आणि माझ्याकडे तिचा एकच फोटो निघाला. कंपनीच्या गेटसमोर आम्ही वीसेक बायका उभ्या आहोत. एकटी गुलाबताई समोर बघते आहे. बाकी सगळ्यांच्या नुसत्या पाठी, डोक्यावर पदर ओढलेले. त्यातली हिरव्या साडीची पाठ माझी. तो फोटो मला स्टेटसला ठेवता आला नाही. तिला जाऊन आता काही आठवडे झाले, आणि का ठेवता आला नाही ते कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून हे लिहिते आहे.

मी पेणची. लग्नानंतर संसाराला हातभार म्हणून या बिस्किटांच्या कंपनीत पॅकिंगला लागले. कंपनीची बस पेणहून निघायची, वडखळवरून नागोठण्याला यायची आणि तिथून भिसे खिंडीतून रोह्याला. बस जुनी होती. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक उलटी सीट होती, सगळ्यांकडे तोंड असलेली. तिच्यावर बसायला कोणी तयार नसायचं. एक तर खिंडीतल्या वळणांनी पोट ढवळून यायचं, आणि दुसरं म्हणजे अख्खी बस आपल्याकडे बघते आहे असं वाटायचं. पहिल्याच दिवशी मला जागा मिळाली ती त्या सीटवर. वडखळच्या पुढे खाडीकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक ठेंगणी, सावळी बाई चढली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊठ गो. ती सीट माझी हाय. तू वकशील, आनि बस मना धुवाया लागंल." मी सुटले म्हणून उठले. पुढे कधीतरी विचारलं, तुला खरंच ती सीट आवडते का? तर म्हणाली, "इकडून सगल्यांची तोंडं दिसतात. कोनाचं घरी काय बिनसलंय ते रोह्यापर्यंत मना कलतं." आणि खरंच कळायचं. बसमधून उतरता उतरता ती एखादीच्या दंडाला धरायची आणि हळूच विचारायची, "जेवली नाय ना काल?"

तिच्या माहेरी मिठागरं होती. उन्हात मीठ गोळा करायची फळी ओढून ओढून तिच्या हाताला जो राठपणा आला होता तो बिस्किटांच्या लाइनवर अनाठायी वाटायचा. पण ते हात फार हलके चालायचे. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहायचो आणि पट्ट्यावरून मोडकी बिस्किटं वेचून बाजूला टाकायचो. वासाची एवढी सवय झाली होती की घरी कोणी म्हटलं, तुझ्या साडीला व्हॅनिलाचा वास येतो, तर आम्हाला तो येतच नसे. गुलाबताई मात्र माशांचा वाटा घेताना कोळणीला सांगायची, "मना बिस्किटाचा वास मारतोय, जरा दोन बोंबील जास्ती घाल."

मग पॅकिंगसाठी मशीन येणार अशी बातमी आली आणि तिच्यामागून नोटीस लागली. निम्म्याहून जास्त बायकांची गरज उरणार नव्हती. कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं. युनियनने संप पुकारला आणि आम्ही गेटबाहेर ताडपत्रीखाली बसलो. आता सांगायला हसू येतं, पण आमच्यातल्या कितीतरी जणींनी घरी संप सांगितलाच नव्हता. रोजच्यासारखा डबा भरून, रोजच्या वेळेला निघायचं आणि गेटसमोर येऊन बसायचं. माझ्याही घरी ठाऊक नव्हतं. माझ्या नणंदेची सोयरीक अलिबागच्या चांगल्या घरात ठरत आली होती. मुलीची भावजय रस्त्यावर घोषणा देते म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं असतं, असं मला वाटायचं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं.

कंपनीचे मालक परदेशातले. त्यांचा तसाच एक कारखाना बेल्जियममध्ये आहे, आणि तिथेही त्याच सुमारास माणसं कमी करायला काढली होती. तिथल्या बायकाही संपावर गेल्या होत्या. हे आम्हाला युनियनच्या लोकांनी सांगितलं आणि एक नंबर दिला. मला थोडंफार इंग्रजी वाचता येत होतं, फोनमध्ये भाषांतरही होतं, म्हणून तो नंबर माझ्या गळ्यात पडला. पलीकडच्या बाईचं नाव आना. तिने पहिल्याच निरोपात लिहिलं होतं की तुमच्या ऑर्डरचा माल इथे बनवायला सांगितला तर आम्ही हात लावणार नाही. मी तो ताडपत्रीखाली मोठ्याने वाचून दाखवला. ज्या देशाचं नावही आम्हाला नीट उच्चारता येत नव्हतं, तिथल्या बायकांना आमच्यासाठी असं का वाटावं, तेच कळेना.

"तिकडं पन पॅकिंगला बायाच हायेत काय गो?" गुलाबताईने विचारलं.

"व्हय, बायकाच आहेत."

"मंग तेंच्या पन पाठी दुखत असतील," ती म्हणाली, आणि तिच्यापुरता तो प्रश्न मिटला.

आनाने आमचा फोटो मागितला, त्यांच्या गेटवर लावायला. आम्ही हौसेने उभ्या राहिलो. साड्या झटकल्या, केस नीट केले. युनियनच्या एका दादाने फोन उचलला आणि कोणीतरी म्हणालं, "हा फेसबुकवर जाईल काय?" झालं. एकीने तोंड फिरवलं, मग दुसरीने. मी फिरवलं तेव्हा माझ्या आधी किती जणी फिरल्या होत्या आणि किती माझ्याकडे बघून फिरल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. गुलाबताई तेवढी तशीच उभी राहिली. "अगो, कंपनीकडं तुमचे सगल्यांचे फोटो कार्डावर हायेत," ती ओरडली. "लपताय कोनापासून?" कोणी वळलं नाही. दादाने फोटो काढला आणि मी तो तसाच पाठवून दिला.

उत्तरादाखल त्यांचा फोटो आला. बर्फ पडत होता, मागे उंच चिमण्या, आणि गेटसमोर चाळीस-पन्नास बायका रांगेत उभ्या. सगळ्या पाठमोऱ्या. खाली आनाने लिहिलं होतं की तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता सरळ कंपनीकडे तोंड करून उभ्या राहिलात हे आम्हाला फार आवडलं, आता आम्हीही तशाच उभ्या राहतो. वाचून आधी आम्हाला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग हळूहळू हसू ओसरलं, आणि कोणीच कोणाकडे बघेना. आमच्या भित्रेपणाला त्यांनी धीटपणा समजून अंगावर घेतलं होतं, आणि थंडीत उभं राहून दाखवलं होतं. गुलाबताई म्हणाली, "सुषमे, सांग तेंना. आमी भ्यालो होतो म्हनावं. त्याच्यात काय लाज नाय. खोटं राहिलं तर लाज." मी हो म्हटलं. आणि लिहिलं काय, तर, धन्यवाद, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत.

संप फार टिकला नाही. तडजोड झाली. थोड्या जणींना परत घेतलं, बाकीच्यांचे हिशेब करून टाकले. मला घेतलं. गुलाबताईला नाही. त्या फोटोमुळे असं मी म्हणणार नाही, कारण तसं कोणी कधी बोललं नाही, आणि तिच्यासारख्याच आणखी पुष्कळ जणी बाहेर राहिल्या. पण आत जाताना गेटजवळ ती मला दिसली तेव्हा मी मान खाली घातली एवढं खरं. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. महिन्याभरात नवे खोके आले. त्यांच्यावरची भाषा आमच्या ओळखीची नव्हती, पण देशाचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं. बेल्जियममध्ये संप अजून चालू होता. तिथे न बनलेला माल आम्ही इथे बनवत होतो, डबल शिफ्ट करून. आम्ही सगळ्यांनी ते नाव वाचलं आणि सगळ्यांनी खोके भरले. आनाचे निरोप येत राहिले. मी उत्तर देणं थांबवलं, आणि एके दिवशी नंबरच ब्लॉक करून टाकला.

गुलाबताई पेणच्या बाजारात सुकट, सोडे, सुके बोंबील घेऊन बसायला लागली. तिच्या बसण्याची जागा माझ्या घरी जायच्या वाटेवरच होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा केवढ्याने ओरडली, "सुषमे! ये गो, तुला येक गंमत सांगाची हाय!" मला वाटलं, खोक्यांचं हिच्या कानावर गेलं असणार. गंमत म्हणते आणि चारचौघांत तोंडावर काढते... मी हात हलवून घाई असल्याचं दाखवलं. पुढच्या वेळीही तेच. मग मी मागची गल्ली धरली. ती वाट लांबची होती, पावसात चिखल व्हायचा. पण इतकी वर्षं मी तीच वाट तुडवली. नणंदेचं लग्न थाटात झालं. तिच्या सासरी मी कुठे काम करते आणि तिथे संपात बसले होते ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

बाराव्याला मी गावी गेले. रेश्माने चुलीजवळ पाट दिला, चहा केला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. तिनेच विषय काढला. "बेल्जमच्या बाईचा फोन आलेला. लय रडली." मला काही समजेना. मग कळलं, आनाने माझा नाद सोडून, फोटोत समोर बघणारी ती बाई कोण म्हणून चौकशी करून युनियनकडून रेश्माचा नंबर मिळवला होता. तेव्हापासून गुलाबताई आणि आना व्हिडिओवर बोलायच्या. एकीची भाषा दुसरीला कळत नसे. रेश्मा जवळ असली तर फोनमधून भाषांतर करून द्यायची, नसली तर गुलाबताई तिचा फोन घेऊन बाजारात बसल्या बसल्या सुकटीची टोपली कॅमेऱ्यासमोर धरायची आणि आना तिकडून आपलं मांजर दाखवायची. आनाचीही नोकरी गेली होती. ती आता म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते.

"आईनं तिला सांगितलं ना," रेश्मा म्हणाली, "का फोटोत आमच्या बाया घाबरून वलल्या होत्या. तर ती बाई लय हसली. बोलली, आमी पन घाबरलेलो. निम्म्या बायांना फोटोत तोंड द्याचं नव्हतं. तुमच्या पाठी बघितल्या आनि सुटलो बोलली. तसं उभं राहायचं म्हटल्यावर ज्या घरी बसलेल्या त्या पन आल्या."

"हे कधी सांगितलं तिने?"

"लय वर्सं झाली. आई तुमाला सांगणार होती. मी बोलले, मेसेज टाकते काकींना. तर बोलली, नको, समोरासमोर सांगीन, तिचं तोंड बघाचंय मना तेव्हा."

हीच ती गंमत. बाजारात मला बोलावून बोलावून तिला एवढंच सांगायचं होतं. मला लाज वाटते हे तिला दिसलं होतं, आणि ती लाज उतरवायला ती रोज माझ्या वाटेवर बसत होती... आणि मी मागच्या गल्लीतून जात होते. खोक्यांचं मात्र रेश्मा काही बोलली नाही. गुलाबताईला ते ठाऊक होतं का, आनाला ठाऊक होतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

आमची बस तीच आहे. उलट्या सीटवर हल्ली पोरी पिशव्या आणि डबे ठेवतात. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या पिशव्या उचलून वर टाकल्या आणि तिथे बसले. "काकी, मळमळेल तिकडं," कोणीतरी म्हणालं. वडखळ गेलं, खाडीकडून येणारा रस्ता आला. सरळ बसलं की तो फाटा एका झटक्यात मागे पडतो. उलट्या सीटवरून तो मागच्या काचेत बराच वेळ दिसत राहतो, हे मला माहीत नव्हतं. बस तिथे आता थांबत नाही.

नागोठणं सोडल्यावर खिंड लागली. पोटात ढवळायला लागलं, आणि समोर सगळ्यांची तोंडं. आणखी एक मशीन येणार अशी कुजबुज आमच्याकडे पुन्हा सुरू झाली आहे. तिसऱ्या रांगेत कंत्राटावर लागलेली एक मुलगी बसली होती, डोळे सुजलेले. "काय गं, काय झालं?" मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर पुढे घेतला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. कंपनीच्या गेटपर्यंत ती वळली नाही. मीही तिच्यावरची नजर काढली नाही.